पहिल्या ओळीवरची लाल रेघ

गेल्या शनिवारी लंडनच्या पिनर उपनगरात आमच्याकडे डॉ. एस्तर जेवायला आली होती. पूर्व आफ्रिकेतल्या एका जिल्ह्याची ती आरोग्याधिकारी. सध्या लीड्सला तीन आठवड्यांच्या कोर्ससाठी आली आहे. देशाचे नाव मुद्दाम लिहीत नाही… तिला परत जाऊन तिथेच नोकरी करायची आहे.

चार वर्षांपूर्वी तिच्या जिल्ह्यात कॉलऱ्याची मोठी साथ आली. तेव्हा तिने गावोगावच्या चाळीस बायका तयार केल्या… पाण्यात क्लोरीन किती घालायचे, जुलाब होणाऱ्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, कुणाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचे. साथीपुरत्या नेमलेल्या या बायकांना कायम करावे, म्हणजे प्रत्येक गावाला बारा महिने आरोग्यसेविका मिळेल, असा तिचा प्रस्ताव होता.

लंडनमध्ये आम्हा निवृत्त डॉक्टरांचे एक छोटे मंडळ आहे. आमची शिफारस जोडली की तिथल्या मंत्रालयात कागदाला जरा वजन येई. एस्तरने प्रस्ताव आमच्याकडे पाठवला, आणि तो तपासण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

तीन वेळा वाचल्याशिवाय मी कोणत्याही कागदावर सही करत नाही, आणि दोन वाचनांमध्ये काही दिवस जाऊ देतो. या ऑनलाइन पानावर लिहिताना ज्यांनी ऱ्हस्व-दीर्घावरून माझी बोलणी खाल्ली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. एस्तरचा प्रस्ताव मी दोनदा परत पाठवला… दोन गावांचे आकडे अपुरे होते, तक्ते जुळत नव्हते, भाषेत घाई होती.

"अहो, तिकडे माणसं मरताहेत आणि तुम्ही तक्त्यांच्या रेघा कसल्या बघत बसलाय?" असे माझी पत्नी सुलभा तेव्हा म्हणालीही होती. गबाळ्या कागदाची जागा केराच्या टोपलीत असते, असे मी तिला सुनावले.

सहा आठवड्यांनी निर्दोष प्रस्ताव रवाना झाला. तो मंजूर झाला नाही. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक बैठकीत मी सांगत आलो की, तिकडे सुधारणा कुणाला नकोच आहेत…

शनिवारी आमटी वाढताना सुलभाने सहज विचारले, त्या चाळीस जणींचे पुढे काय झाले? एस्तर माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, प्रस्ताव उत्तम होता. पण तो पोचला तेव्हा वॉर्डातला शेवटचा पेशंट घरी गेला होता."

साथ असेपर्यंत मंत्री दर आठवड्याला स्वतः बैठक घेत आणि समोर येईल त्या कागदावर तिथल्या तिथे निर्णय होई. साथ ओसरली, उपचारांचे तंबू उतरले, बैठक बंद झाली. तोच कागद मग इतर शेकडो कागदांच्या रांगेत जाऊन बसला.

"इतकी घाई आहे, हे तू कळवलं का नाहीस?" माझा आवाज थोडा चढलाच.

"कळवलं होतं, सर. पहिल्याच ओळीत. तुम्ही ती ओळ खोडलीत."

सुलभाने हातातला डाव आमटीच्या पातेल्यात ठेवला.

मग एस्तरनेच पुढचे सांगितले. गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात पुन्हा कॉलरा आला. तिसऱ्याच दिवशी तिने एका पानाचे पत्र, अपुऱ्या आकड्यांसह, थेट मंत्र्यांच्या हातात दिले. त्या चाळीस जणींपैकी बारा जणी आता कायम आहेत. बाकीच्या पांगल्या. एक बाजारात मासे विकते, आणि गिऱ्हाइकांना पाणी उकळून प्या म्हणून अजून बजावते.

हे पत्र तिने आमच्या मंडळाकडे पाठवले नव्हते. का, ते मी विचारले नाही… तिने आणखी थोडी आमटी मागून घेतली.

तिला स्टेशनवर सोडून आलो आणि जुनी फाईल काढली. पहिल्या ओळीवर माझी लाल रेघ होती, आणि शेजारी समासात माझ्याच अक्षरात शेरा: "औपचारिक प्रस्तावात अशी विनवणी शोभत नाही." रेघेखालची ओळ अजूनही स्वच्छ वाचता येते… साथ ओसरण्यापूर्वी निर्णय व्हावा, नंतर आमचे कुणी ऐकणार नाही.

मंडळाच्या येत्या बैठकीत ती ओळ मी वाचून दाखवणार आहे. चार वर्षे मी तुम्हाला चुकीचे सांगत आलो, हेही सांगणार आहे. हे सारे ठाऊक असूनही एस्तर माझ्या घरी जेवायला आली… याबद्दल तिचे आभार कसे मानावेत, हे मात्र मला अजून सुचलेले नाही.