आई निद्रेत असताना सई बोलली

माझी लेक सई बोलायची थांबली, ते एका दिवसात झालं नाही. म्हणून आम्हाला ते कळायलाही वेळ लागला. आधी ती शाळेत गप्प राहायला लागली, मग गल्लीतल्या मैत्रिणींत, आणि शेवटी घरात. पाचवीतलं लेकरू. एरवी धाराशिवच्या आमच्या दोन खोल्यांत तिचा आवाज मावायचा नाही. दसऱ्याच्या आसपास असं झालं, की तिला मीठ हवं असलं तरी ती बोटानं बरणी दाखवायची.

त्यामागं कारण होतं, आणि ते चांगल्या हेतूनंच घरात आलं होतं. सईच्या बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं दुकान आहे. हात सोन्याचा. तरुणपणी पुण्याच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले, तर सगळे प्रश्न इंग्रजीत. कामाचं सगळं येत होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. ते तसेच परत आले. पोरीवर ती वेळ येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. सोलापूरकडच्या एका निवासी शाळेत सहावीला घालायचं ठरलं. तिथं प्रवेशाआधी इंग्रजीची परीक्षा असते. कानाला हेडफोन लावायचा, पडद्यावर चित्र येतं, टिंग वाजलं की त्या चित्राविषयी बोलायचं. पुन्हा टिंग वाजलं की संपलं. पहिल्या वेळी सई थोडक्यात राहिली. पुढच्या वेळेसाठी तिला क्लास लावला. तिथं मराठी शब्द निघाला की फळ्यावर नाव लिहायचे. क्लासच्या बाईंनी सांगितलं, घरातही जेवताना फक्त इंग्रजीच बोला. मला कुठलं इंग्रजी येतंय? मग ताटावर आम्ही तिघंही मुकेच बसायचो.

हळूहळू सईचं पोट दुखायला लागलं. झोपेत दात खायची. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले. म्हणाले, "घशाला काही झालेलं नाही. पोरीच्या मनावर ताण आहे, जरा दमानं घ्या." पण परीक्षा तोंडावर आलेली. दमानं कसं घ्यायचं, ते कुणी सांगत नव्हतं. मी देवघरापुढं बसून एकच मागायचे, "आई भवानी, एवढी पास कर. तुझी ओटी भरीन."

परीक्षा सोलापूरला होती, कोजागरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. दुकानात शेतकऱ्यांच्या मोटारींचा ढीग पडलेला, म्हणून मी एकटीच तिला घेऊन गेले. काचेच्या दारातून मला ती पाठमोरी दिसत होती. कानांवर तो मोठा हेडफोन, आणि खुर्चीवरून खाली न पोचणारे पाय. पाय हलत नव्हते. शेजारची पोरं बोलत होती, हातवारे करत होती. सईची मान तशीच. बाहेर आली तेव्हा तिथल्या ताई हळूच मला म्हणाल्या, "एक शब्द बोलली नाही हो. आम्ही दोनदा समजावलं."

मी तिला काही बोलले नाही. रागानं नाही, मला भीतीच वाटली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. रस्त्याच्या कडेनं तुळजापूरला पायी निघालेली माणसं नुसती वाहत होती. सोलापूरची, कर्नाटकातली, बायका, म्हातारी माणसं, खांद्यावर लेकरं. दसऱ्यानंतर आई पलंगावर निजलेली असते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. त्यासाठी ही गर्दी. ती पाहून माझ्या मनात जे आलं ते सांगायला आजही संकोच वाटतो. मला वाटलं, बरोबर आहे. आई निजलीय. म्हणून माझं काही तिच्यापर्यंत पोचत नाही.

तामलवाडीजवळ बस बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, "मागची गाडी येईपर्यंत बसा सावलीला. गर्दी लई हाय, टाइम लागंल." गावातल्या लोकांनी चालणाऱ्यांसाठी मांडव घातला होता. पाण्याचे पिंप, केळी, गरम भात. आम्ही मायलेकी सतरंजीच्या एका कडेला टेकलो. मी पदर डोळ्यांना लावला तो काढलाच नाही.

तेवढ्यात कुणीतरी शेजारी धपकन बसलं. पन्नाशीतली उंच बाई, अंगावर इरकल लुगडं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांना फोडच फोड. कर्नाटकातून चालत आली होती हे तिच्या बोलण्यावरून लगेच कळलं. हातात तुटलेली चप्पल होती.

"तायी, पिन हाय का तुझ्याजवळ? माझा चप्पल तुटला."

मी बांगडीला अडकवलेली पिन काढायला लागले. आणि माझ्या कुशीतून बारीक आवाज आला.

"तुटली."

माझा हात तिथंच थांबला. बाईनं मान वळवली. "काय म्हणली?"

"चप्पल तुटली," सई म्हणाली. "तुटला न्हाय."

"व्हय?" बाई खदखदून हसली. "माझं तोंडात तुटलाच येतो बग. तुला समजली का न्हाय पण?"

"समजलं."

"मग झालं की!"

ती पुन्हा हसली, आणि किती आठवड्यांनी सईही हसली. मी हलले नाही. पाखरू जवळ येऊन बसावं आणि आपण श्वास रोखून धरावा, तशी मी बसून राहिले. बाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आपली चपलेत पिन खोचत, फोडांवर पाणी ओतत बोलत होती. निम्मं कानडी, निम्मं मराठी, सगळी चुकांची रास, आणि एकाही चुकीची तिला लाज नव्हती. शब्द अडला की हातानं दाखवायची आणि पुढं जायची. सई मधूनमधून दुरुस्त करायची. मग बाई म्हणाली, "आता तू बोल माझा बोली. पानी काय म्हणतो आमी?"

माझं माहेर मुरुमचं. तिथल्या बाजारात निम्मी कानडीच कानावर पडते, आणि सुट्टीत मामाकडं गेल्यावर सईनंही चार शब्द वेचलेले. "नीरू," ती म्हणाली. बाईनं टाळी वाजवली. मग भात, मग आई, मग गाय. सईचं निम्मं चुकत होतं. चुकलं की दोघी हसायच्या, आणि चुकलेला शब्दसुद्धा बाई खाऊ घ्यावा तसा ओंजळ पुढं करून घ्यायची.

थोड्या वेळानं तिच्या सोबतच्या बायकांनी हाक मारली. तिनं सईच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि ती लंगडत निघाली. दहा-बारा पावलं गेली असेल, तोच सई उठली आणि मांडवाच्या टोकाला धावली. "अव्वा! निधान बर्री!" अशी ती मोठ्यानं ओरडली. तिला म्हणायचं होतं, आई, सावकाश जा. तोंडून निघालं, सावकाश या. मांडवातली माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, आता ही पुन्हा मिटणार.

बाई थांबली. वळली. हात वर करून म्हणाली, "बर्तेनव्वा!" येते गं.

निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. त्यांच्यातही नाही, आपल्यातही नाही.

नंतरच्या बसमध्ये सई बोलतच होती. मध्येच ह्यांचा फोन आला. "काय झालं? बोलली का?"

"बोलली," मी म्हटलं. "लई बोलली."

"मग निघंल न्हवं पास?"

"तिथं न्हाय हो बोलली. इथं बोलली." आणि मी फोन सईच्या कानाला लावला. "बाबा, तुम्हाला ठाऊक हाय का, गाईला कानडीत काय म्हणतात?" तिनं सुरू केलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

तुळजापूरला उतरलो. मंदिराकडं एवढी रीघ होती, की कळसाचं दर्शन घेऊन रस्त्यावरच डोकं टेकलं. हात जोडले, आणि ध्यानात आलं, की मागायचं काही आठवतच नाही. ती बाई कोण, कुठल्या गावची, मी नाव विचारलं नाही. लोक म्हणतात, आईच आली असेल. मी तसं म्हणत नाही. तिचे पाय फोडांनी भरलेले मी पाहिलेत, त्या माउलीचे कष्ट मी तिच्याकडून का काढून घेऊ? मला एवढंच माहीत आहे, की बस नेमकी तिथं बंद पडली, आणि त्या वेळी मी काहीच करत नव्हते. नुसती रडत बसले होते. मी करत होते तोवर ते झालं नाही.

परीक्षेचा निकाल लागायचा तसाच लागला. पुन्हा बसता येईल असा निरोप आला होता. सईचे बाबा म्हणाले, "राहू दे. पोरगी घरात हाय, ते बास." सगळं एकदम सुरळीत झालं असंही नाही. वर्गात ती बरेच दिवस दबकतच बोलायची. पण ती आहे त्याच शाळेत राहिली, आणि इंग्रजीही सुटलं नाही. तिथले सर चुकीचं का होईना पण बोलू देतात. मधे एकदा बाबांना दुकानात इंग्रजीत काहीतरी सांगत होती. त्यांनी तिला इंग्रजीतच उत्तर दिलं. माझ्या कानालासुद्धा कळलं, दोघांचंही चुकतंय. दोघंही थांबले नाहीत.

लेकरू आपल्या पोटचं असलं तरी त्याची वाचा आपल्या हातची नसते. जिनं दिली तिच्या स्वाधीन ती करावी आणि आपण भाकरी थापावी, एवढं मला त्या रस्त्यावर कळलं. आता सई शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तोंड सुरू होतं. चुलीवर भाजी लागायची वेळ येते, माझं डोकं भणभणतं, आणि "गप बस गं जरा" असं अगदी ओठांवर येतं. मग मी जीभ चावते, पिठाच्या हातांनीच तुळजापूरच्या दिशेला हात जोडते आणि म्हणते, "बोल बाई. बोल."