विटेला लावलेलं तेल

मातीवर उमटवलेलं अक्षर समोरून पडलेल्या उजेडात दिसत नाही. उजेड डावीकडून, किंचित वरून, तिरपा यावा लागतो. मग बोरूच्या टोकानं दाबलेल्या प्रत्येक पाचरीच्या कडेला एक इवलीशी सावली धरते आणि हजारो वर्षं मुकाट पडून राहिलेलं ढेकूळ हळूहळू बोलायला लागतं. मेलबर्नच्या हिवाळ्यात सूर्य उत्तरेच्या खिडक्यांतून येतो आणि आपलं दिशांचं सारं जुनं गणित उलटंपालटं करून टाकतो. त्या फिकट, गार उन्हात मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या सकाळी घालवल्या. थंड मातीचा, जुन्या लाकडी कपाटांचा आणि काळ्या शाईचा मिळून एक गंध त्या खोलीत असायचा. आजही कुठे शाईची बाटली उघडली की तो गंध येतो, आणि त्याच्या पाठोपाठ राग येतो.

मी वसईची. मुंबईला प्राचीन इतिहास शिकले, ताम्रपटांवरची झिजलेली अक्षरं लावायला शिकले, आणि सत्तरच्या दशकात नवऱ्याच्या, विन्सेंटच्या, नोकरीपाठोपाठ इथे आले. इंजिनिअर माणूस, त्याला कुठेही राहता आलं असतं. पण मेलबर्नबाहेरच्या वेरिबीची फ्लॉवर-कोबीची शेतं पाहून मीच हट्ट धरला. त्या लाल मातीत पहाटे पाणी सुटलं की आमच्या वाडीची आठवण व्हायची, आणि वारा फिरल्यावर येणारा शहराच्या मैलापाण्याचा दर्प आम्ही त्या आठवणीपायी सोसायचो. शहरातल्या एका विद्यापीठाकडे मातीच्या काही पाट्या होत्या; पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या कुणा सैनिकानं त्या पेटीत भरून आणलेल्या. त्यांची रेखाटनं करायला हलक्या हाताचं माणूस हवं होतं. विभागप्रमुख केनेथ, म्हणजे साऱ्या विभागाचा केन, यानं माझी ताम्रपटांची रेखाटनं पाहिली आणि लगेच मला कामावर घेतलं. सुमेरी लिपीची पहिली चिन्हंही त्यानंच मला शिकवली. हे मी नाकारत नाही. ज्याच्यावर दात धरायचा त्याच्याबद्दलही खोटं बोलू नये.

काय नव्हतं त्या पाट्यांत! जव, मेंढ्या, बिअरचे घडे, देवळाच्या कोठारात येणारी लोकर. ज्या प्रदेशात दगड नाही, इमारतीला लाकूड नाही, दोन नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाखेरीज हाताला काही लागत नाही, तिथे त्या माणसांनी मातीचीच घरं बांधली, मातीचेच विळे भाजले, मातीचीच देवळं आभाळाला भिडवली आणि शेवटी मातीचीच स्मृती घडवली. सुमेरी गेले, अक्कडचे आले, मग बाबिलोनचे, मग असीरियाचे. प्रत्येकानं आधीच्याची शहरं घेतली, देव घेतले, अक्षरंही घेतली, आणि सुमेरी भाषा बोलणारं कुणी उरलं नाही तरी शाळेत पोरांकडून ती घोटून घेतली. पण मला सर्वांत भुरळ घातली ती त्यांच्या विटांनी. राजे देवळाच्या विटांवर आपलं नाव उमटवायचे आणि पुष्कळदा नावाची बाजू खाली करून वीट बसवायचे. चालत्याबोलत्या माणसांनी ते वाचावं अशी अपेक्षाच नसे. देवानं वाचावं, नाहीतर देऊळ ढासळल्यावर ते पुन्हा उभारायला येणाऱ्यानं. त्या अनोळखी माणसासाठी नावाशेजारी शापही असे: हे नाव पुसून जो आपलं लिहील त्याचा पाया उखडला जावो.

प्रत्येक रेखाटनाच्या उजव्या कोपऱ्यात मी बारीकसा 'फि' काढायची. नक्कल करणाऱ्यानं आपली खूण ठेवायची ही या कामातली रीतच आहे. चूक निघाली तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. बरोबर असेल तर कुणी काही विचारत नाही, पण नाव राहतं. फिलोमिना हे नाव मला एरवी कधी फारसं आवडलं नव्हतं. त्या कोपऱ्यात मात्र ते शोभायचं.

मग केनचं पुस्तक आलं. पहिली शहरं कशी वसली, त्यावरचं जाडजूड, देखणं पुस्तक. आणि पानापानावर माझ्या रेघा. माझा हात मी कुठेही ओळखीन. कोपरे मात्र कोरे होते. मी कपाट उघडून मूळ कागद काढले. प्रत्येक 'फि'वर पांढऱ्या रंगाचा नाजूक हात फिरला होता, बारीक कुंचल्यानं, अगदी निगुतीनं. पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं होतं, रेखाटने लेखकाची. आभाराच्या पानावर बायको जून होती, कुत्रा होता, आणि 'विभागातल्या मदतनीस मुली' होत्या. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते.

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथेच राहिली. तक्रार करायची तर ती फिरून केनच्याच टेबलावर येणार होती. विन्सेंटनं आपल्या परीनं समजूत घातली. "लेट इट गो ना, फिलो. युनीमध्ये सगळीकडे असंच चालतं. नो वरीज म्हण आणि सोड."

"तू बांधलेल्या पुलावरचं तुझं नाव कुणी खरवडलं असतं तर?"

"पुलावर इंजिनिअरचं नाव नसतंच गं," तो म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून उठून चहा टाकायला गेला.

त्या दिवसांत मला आमच्या वाडीतला दगड सारखा आठवे. बावखलाच्या, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठी, एक गधेगाळ उभी होती. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी, आणि खाली एक चित्र, जे पोरींनी बघायचं नाही असा दंडक होता आणि जे आम्ही सगळ्याजणी चोरून बघायचो. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईची गाढवाशी गाठ घालणारा तो शाप. शिलाहार गेले, यादव गेले, पोर्तुगीज आले, आम्ही क्रिस्तांव झालो, दगड तिथेच. माझी आई रविवारी मिस्साहून परतताना पदराआडून खोबरेल काढायची आणि दगडाच्या माथ्यावर बोटभर लावायची. आपण तर देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) जाऊन आलो, मग हे कशाला, असं विचारलं की म्हणायची, "प्रार्थना देवाला. ह्याला तेल. हा भुकेला राहिला तर कुणाला धरील सांगता येत नाही." शाप जागा असतो, ही गोष्ट मी चर्चच्या सावलीत शिकले.

पुस्तकाला चांगलं यश मिळालं आणि केननं शहराच्या कडेला, एल्थमच्या टेकडीवर, घर बांधायला काढलं. तिथे तेव्हा मातीच्या कच्च्या विटांची घरं बांधायची लाटच आली होती. शनिवार-रविवारी मित्रमंडळी जमायची, अनवाणी पायांनी गवत घालून चिखल तुडवायची, वाइन प्यायची. सुमेरी राजाला शोभेल असं घर हवं, असं केन प्रत्येकाला सांगायचा. एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "फिल, मेट, शेकोटीच्या वर बसवायला एक वीट करून दे ना. केननं हे घर आपल्या लाडक्या जूनसाठी बांधलं, असं सुमेरीत लिही. तुझ्यासारखं सुंदर कोण लिहिणार?"

मी हो म्हटलं. इतक्या आनंदानं मी क्वचितच कशाला हो म्हटलं असेल.

वेरिबी नदीच्या काठची माती आणली, चाळली, भिजवली, मळली. तिथलाच बोरू कापून टोक तासलं. आणि स्वयंपाकघरात, मागच्या दारातून येणाऱ्या तिरप्या उन्हात, माझ्या आयुष्यातला एकमेव स्वतंत्र मजकूर लिहिला. आमच्या वाचनातल्या सुमेरीत 'फ' नाही आणि 'ओ' नाही, तेव्हा मी पि-लु-मि-ना झाले. पिलुमिनानं ही अक्षरं लिहिली. जो तिचं नाव पुसून आपलं लिहील त्याच्या घराचा पाया उखडला जावो, त्याचं नाव कुणाच्या तोंडी न उरो. इथेच थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं नकला केल्यावर अर्धा मजकूर सोडायचा हातच उरत नाही. म्हणून मी पुढचं कलमही लिहिलं, असीरियाच्या राजांचं: जो या लेखाला तेल लावील आणि नाव त्याच्या जागी परत ठेवील, त्याची प्रार्थना देव ऐकोत. शापाला आशीर्वादाची ही शेपूट असतेच. ती गाळणं मला ढिसाळपणाचं वाटलं.

गावातल्या कुंभारकामाच्या वर्गात ती भाजून घेतली आणि स्वतः नेऊन दिली. केननं वीट लांब धरली, जवळ धरली, चष्मा कपाळावर सरकवला. मला भीती नव्हती. तो कित्येक वर्षं मातीकडे बघतच नव्हता, माझ्या शाईतूनच वाचत होता. बराच वेळ झाल्यावर म्हणाला, "ब्युटिफुल." जूननं टाळ्या वाजवल्या. वीट शेकोटीच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी बसली.

त्यानंतरची वर्षं माझी होती. दरवर्षी त्या घरात विभागाची मेजवानी व्हायची, आणि केन नव्या पाहुण्यांना विटेपाशी नेऊन सांगायचा, 'केननं हे घर आपल्या लाडक्या जूनसाठी बांधलं.' मी ग्लास हातात धरून समोर उभी असायची. त्याच्याच घरात, त्याच्याच भिंतीवर, त्याच्या डोक्याच्या वर माझं नाव आणि त्याचा सत्यानाश लिहिलेला होता, आणि तो त्याचं कौतुक करत होता. या सुखाला दुसरं नाव मला ठाऊक नाही. पहिल्याच हिवाळ्यात धुराड्याला चीर गेली तेव्हा मी घरी शेवयांची खीर केली. वाळवी लागली, त्याचा गुडघा गेला, दुसऱ्या पुस्तकाचा कुणाला पत्ता लागला नाही; मी प्रत्येक बातमी जपून ठेवली. एका उन्हाळ्यात वणवा त्या टेकड्यांच्या दिशेनं निघाला, तेव्हा मी दुपारभर रेडिओपाशी बसून होते. बाकीच्या घरांसाठी माझा जीव खरंच तुटत होता.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा केन गेला. काही महिन्यांनी जूनचा फोन आला: घर विकलं, नवे लोक शेकोटी काढून गॅसचा हीटर बसवणार आहेत, वीट तुझी आहे, घेऊन जा. मी गेले. भिजलेल्या निलगिरीच्या पानांचा आणि विझलेल्या राखेचा वास घरभर होता. वीट काढून टेबलावर ठेवली होती, आणि उत्तरेकडून आलेलं हिवाळी ऊन नेमकं तिच्यावर तिरपं पडलं होतं. मी दिली तेव्हा ती फिकट होती. आता ती काळसर, तुकतुकीत होती. मी बोट फिरवलं आणि बोट सरकलं.

"हे काय लागलंय?" मी विचारलं.

"ऑलिव्ह ऑइल," जून म्हणाली. "केनचं वेड. दर ईस्टरला किचनमधून बाटली आणायचा आणि बोटानं लावत बसायचा. मला कधी हात लावू दिला नाही. विचारलं की म्हणायचा, लिहिलंय तसं करतोय."

"हे केव्हापासून?"

"वीट बसवली त्या आठवड्यापासून." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "फिल, त्यावर खरं काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. पांढऱ्या रंगाचंही सांगितलं. जूननं वीट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

आता ती वीट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. म्हणजे केननं ते वाचलं होतं. त्या पहिल्याच दिवशी, जून टाळ्या वाजवत होती तेव्हा. साऱ्या मेजवान्यांत मी त्याच्याकडे बघून मनात हसत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. माझं ते सुखसुद्धा माझ्या एकटीचं नव्हतं. मी चोखपणापायी उघडं ठेवलेलं दार त्यानं बरोबर शोधलं आणि आयुष्यभर त्यात उभा राहिला. पण कलम दोन गोष्टी मागत होतं. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि प्रत्येक आवृत्तीत ते कोपरे कोरेच राहिले. विटेला तेल लावायला त्याला जड गेलं नाही. नाव परत ठेवणं तेवढं त्याला जमलं नाही. तेवढ्यासाठी मी त्याला आजही सोडलेलं नाही. आणि तरी, मी माझं म्हणून जे एकच काही लिहिलं ते शेवटपर्यंत वाचणारा, आणि त्याला घाबरणारा, जगात तो एकच माणूस होता.

वडे तळून झाले की माझ्या हाताला तेल असतं. विटेची अक्षरं अलीकडे पुन्हा कोरडी पडत चालली आहेत. सकाळच्या उन्हात ते स्पष्ट दिसतं. हात पुसायचं फडकं त्याच खिडकीशी टांगलेलं आहे. मी आधी फडकं घेते. अजून तरी.