भिंतीवरचा लाल दांडा

समजा, तुम्हाला विजेची सायकल बनवायची आहे. रोज बत्तीस किलोमीटर जायचं, बत्तीस यायचं, तेही ताशी चाळीसच्या वेगाने. आधी कशाचा विचार कराल? मोटरचा, बॅटरीचा, फार तर सीटचा. आमच्या लिफ्टवाल्याने आधी विचार केला तो ब्रेकचा. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला चालण्यापेक्षा थांबण्याची काळजी जास्त.

सायकलची निकड मात्र खरी होती. त्याचं वर्कशॉप शहराबाहेर हललं आणि बसने घरी यायला पावणेसात वाजू लागले. बायको नर्स, रात्रपाळीची. ती सहा वीसला घर सोडायची आणि सकाळी परतायची तोवर हा गेलेला. चार महिने दोघांचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला होता. "खोकला कसा आहे?" या चिठ्ठीचं उत्तर मिळेपर्यंत खोकला बरा व्हायचा. सायकलने तो पाच त्रेपन्नला घरी पोचणार होता. बायकोबरोबर सत्तावीस मिनिटं! त्यासाठी हा सगळा खटाटोप.

सायकल घराच्या बोळात तयार होत होती आणि शेजारी खुर्ची टाकून सासरे बसत. ते निवृत्त बसड्रायव्हर.

"जावईबापू, चाकं दोनच ना?"

"दोनच, बाबा."

"मग हे एवढं सामान कशाला?"

"हा लिफ्टचा ब्रेक. वीज असेपर्यंत सुटलेला. वीज गेली की स्प्रिंग आपोआप चाक धरून ठेवते. म्हणजे कोणी खाली कोसळायला नको."

"सायकल रस्त्यावर चालणार ना? ती कुठे खाली कोसळणार?"

लिफ्टवाला नुसता हसला. ड्रायव्हर लोकांना सुरक्षितता काय कळणार!

अडकलेल्या लिफ्टचा ब्रेक हाताने सोडवायला एक लाल दांडा असतो. नियमाप्रमाणे तो भिंतीवर टांगायचा, म्हणजे ऐनवेळी सापडतो. त्याने तसाच दांडा बनवला, लाल रंग दिला आणि नियमाप्रमाणे भिंतीवर टांगला. घराच्या.

सोमवारी सकाळी स्वारी झोकात गेली. संध्याकाळी वारा समोरून आला. लिफ्टला वारा लागत नाही, त्यामुळे वहीत मोटरचं, स्वतःचं, अगदी जेवणाच्या डब्याचंही वजन मांडलेलं होतं, पण वाऱ्याचा हिशेबच नव्हता. पाच पन्नासला, घर दोन किलोमीटरवर असताना, बायकोच्याच हॉस्पिटलसमोर बॅटरीने मान टाकली. स्प्रिंगने इमानेइतबारे चाक धरलं. रस्त्यावर काळी रेघ ओढत सायकल थांबली ती थांबलीच. ढकलून हलेना, ओढून हलेना.

"साहेब, इथे गाडी लावायची नाही," हॉस्पिटलचा वॉचमन म्हणाला.

"मी लावलेली नाही."

"मग हलवा."

"तेच तर होत नाही ना!"

त्याने घरी फोन लावला. तो सासऱ्यांनी उचलला.

"बाबा, तो भिंतीवरचा लाल दांडा..."

पलीकडे बराच वेळ नुसतं हसू. मग, "अहो, माझ्या बसला निदान धक्का तरी मारता यायचा!"

सहा वाजून दोन मिनिटांनी रिक्षा थांबली. बायको उतरली ती युनिफॉर्ममध्ये, हातात लाल दांडा. वॉचमन न सांगता दोन पावलं मागे सरकला.

"लागलं का कुठे?"

"नाही गं."

"मग तोंड असं का पाडलंयस? ड्युटी पावणेसातला आहे. बस."

दोन फिरक्यांत ब्रेक सुटला. दोघं कंपाउंडच्या कठड्यावर बसली. तिच्या थर्मासमधला चहा एकाच झाकणातून प्यायली.

"खोकला कसा आहे?"

"कुठला खोकला?"

सहा चाळीसला ती आत गेली.

आता त्याने मोठी बॅटरी बसवली आहे. वहीत वाऱ्याला स्वतंत्र पान मिळालं आहे. ब्रेक बदलायला मात्र तो तयार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. सासरे म्हणतात, मग निदान दांडा तरी पिशवीत ठेवा. पटण्यासारखं आहे, पण त्याचा निर्णय होत नाही. फ्रिजवर त्याची चिठ्ठी आहे आणि तिचं उत्तर अजून आलेलं नाही:

"वेळेवर घरी पोचलो तर सत्तावीस मिनिटं, हॉस्पिटलसमोर बंद पडलो तर अडतीस. दांडा कुठे ठेवू?"