अक्काचे बूट

ट्रेडमिलवर पळायची तपासणी होती आणि मी चपला घालून गेलो.

चिठ्ठीवर छापलेलं होतं, इंग्रजीत आणि कानडीतही: बूट घालून यावे. ती चिठ्ठी मी तीनदा वाचली होती. वेळ किती, खाऊन यायचं की उपाशी, डॉक्टरांची सही आहे का, सगळं बघितलं. तेवढी एक ओळ सुटली. मी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटीत आहे. गिअरच्या दातावर केसाएवढी चीर दिसली तरी मी माल परत पाठवतो, आणि त्यावरून माझ्या पाठीमागं काय बोललं जातं तेही मला ठाऊक आहे. दोष शोधायचा पगार घेणारा माणूस, आणि स्वतःचे पाय बघायला विसरला.

तोपर्यंत तिथल्या टेक्निशियननं माझी छाती भादरून तिच्यावर गोल चिकट बिल्ले लावले होते. मग त्याची नजर खाली गेली.

"सर, चपलांवर पळणार? पट्टा फेकून देईल तुम्हाला."

"अनवाणी पळतो."

"चालत नाही सर. पुढच्या आठवड्यात या."

मी शर्ट छातीशी धरून बाहेरच्या हॉलमध्ये आलो. बिल्ल्यांच्या तारा खाली लोंबत होत्या. बाकावर आमच्याकडंच राहणारी माझी थोरली बहीण बसली होती. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. बंगळूरच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत ताई कुणी नसते, अक्काच असते. आणि मी त्रेपन्न वर्षांचा घोडा झालो तरी तिच्यासाठी तम्माच होतो, म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ.

"काय रे तम्मा, एवढ्यात पळून झालं?"

मी चपला दाखवल्या. ती हसली नाही. वाकली आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. साडीखाली ती पांढरे कॅनव्हासचे बूट घालायची. डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं, तेव्हा वर्षापूर्वी घेतलेले.

"अगं, मला कसे होतील?"

"होतील. संध्याकाळी पाय सुजतात म्हणून मोठे घेतलेत. घाल."

खरंच झाले. मी बुटाचा तळ उलटा करून बघितला, सवयीनं. जवळजवळ कोरा होता.

"वर्षभर चालतेस ना पार्कात? की बाकावर बसून येतेस?"

"बसते रे," ती म्हणाली. "एक फेरी मारते आणि बसते. बाक चांगला आहे तिथला."

मी हसलो. ती माझ्या मोठ्या चपलांत पाय घालून बसली.

या सगळ्याचं मूळ आमच्या वडिलांत होतं. चौपन्नाव्या वर्षी ते दुकानात कापड मोजता मोजता खाली बसले ते उठलेच नाहीत. मागोमाग काकाही तसेच गेले. तेव्हापासून घरात माझ्या वयाची उलटी मोजणी चालू होती. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी माझ्या ईसीजीवर पेन्सिलनं एक गोल काढला आणि घरात सुतकच पडलं. लोणचं बंद, पापड बंद. अक्का माझ्या ताटातलं मीठ चाखून बघायची. वडिलांचं हृदय मला आणि आईचे गुडघे अक्काला, अशी वाटणी आमच्याकडं कधीच ठरून गेली होती. बारसं, लग्न, बारावा, कुठंही चार नातेवाईक जमले की मला विचारायचे, "छाती कशी आहे?" आणि अक्काला विचारायचे, "गुडघे कसे आहेत?" हृदय हे आमच्या घरात पुरुषांनाच असायचं. ती त्याच बापाची मुलगी होती, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी होती, तिला बारा वर्षांची शुगर होती. हे तिन्ही हिशेब माझ्या समोर होते. मी ते कधी एकाखाली एक मांडले नाहीत.

तर मी अक्काचे बूट घालून पळालो. नऊ मिनिटं. आत डॉक्टर कागदाची पट्टी बघत होते, मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गाईकडं बघत होतो. शेवटी म्हणाले, "काही दोष नाही. वजन स्वल्प कमी करा." मी असा बाहेर आलो, जणू शर्यत मारली.

बाहेर नर्स अक्काशी बोलत होती. "अम्मा, बसलाच आहात तर तुमचाही ईसीजी काढू का? पाच मिनिटं."

"मला काय धाड भरलीय?" अक्का म्हणाली. "आणि आत तो बाप्या आहे. त्याच्यापुढं ब्लाउज काढून निजू? गुडघे बघायचं मशीन असेल तर सांग."

हॉलमधले सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. "अक्काचं हार्ट दगडाचं आहे हो," मी नर्सला म्हटलं, "मशीन बिघडेल." अक्काला ते आवडलं. पदर सारखा करत तिनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं, मी शाळेत पहिला आल्यासारखं.

आणि मी बूट काढले नाहीत. आता यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण मी पास झालो होतो आणि त्या बुटांनी पास झालो होतो. मला ते घालून घरी जायचं होतं. अक्का म्हणाली, "असू दे. आज तुझा मान."

घर जवळच होतं, पण मधला रस्ता मोठा, पादचारी पुलावरून ओलांडायचा. पुलाच्या पायऱ्यांवर अक्का थांबली. मी वरून विचारलं, काय झालं? तिनं खाली बोट दाखवलं. चपला. निसटताहेत. पूल संपल्यावर पुन्हा थांबली, कठडा धरून, गालावर हात ठेवून.

"दाढ ठणकतेय," म्हणाली.

"दातांच्या डॉक्टरला दाखव. किती दिवस सांगतोय."

तिसऱ्यांदा थांबली ती एळनीरवाल्यापाशी. मी उदारपणे दोन शहाळी घेतली. तिनं अर्ध्यातच आपलं माझ्या हातात दिलं. तेही मी संपवलं.

घराचा जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत चढलो, बायकोला दाखवायला. ती दारात उभीच होती. आत शिरा झालेला, बऱ्याच दिवसांनी तूप घालून. मी खाता खाता नऊ मिनिटांची गोष्ट सांगत होतो. अक्का आली, बसली, घोटभर पाणी प्याली, आणि शिरा बशीत एका कडेला लोटून माझी गोष्ट ऐकत राहिली.

पुढचे तीन आठवडे मी घरात हृदयरोगतज्ज्ञ होतो. कुणी छातीला हात लावला की मी लक्षणं सांगायचो. छातीत कळ येणार, डाव्या हातात उतरणार, घाम सुटणार. शेजारच्यांना ऐकवलं, कारखान्यात ऐकवलं, फोनवर नातेवाइकांनाही. अक्काही ऐकायची. कधी कधी मान हलवायची.

एका सोमवारी सकाळी ती ओट्यापाशीच खाली बसली. उलटी झाली. कपाळावर घाम. बायकोनं मला हाक मारली.

"पित्त आहे," मी म्हटलं. "काल रात्री वांगं खाल्लंय."

"अहो, यांचा चेहरा बघा. दवाखान्यात नेऊ या."

"हार्टचं असतं तर डाव्या हाताला आलं असतं. अक्का, हात दुखतोय का?"

"नाही रे," अक्का म्हणाली. "दाढच. आणि इथं मागं, पाठीत."

"बघ," मी बायकोला म्हटलं.

हे "बघ" मला आजही ऐकू येतं. मी पित्ताची गोळी दिली, थंड दूध दिलं, पाठीला बाम चोळला. दीड तास. मग बायकोनं मला विचारणं सोडून दिलं आणि खाली जाऊन रिक्षाच उभी करून आली.

हॉस्पिटलात ईसीजी काढला आणि धावपळ सुरू झाली. अक्काला पांघरूण घालून चाकांच्या खाटेवरून नेताना तिनं विचारलं, "आत बाई आहे ना?" बाई होती. तरुण डॉक्टरीण, टोपीतून केस बाहेर आलेले. मनगटातून तार घालून तिनं अँजिओग्राम केला आणि मला काचेपलीकडच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर अक्काचं हृदय हलत होतं. त्यावर काळ्या फांद्या. एक फांदी निघाल्या निघाल्या तुटली होती, पुढं काहीच नव्हतं. मला कुणी समजावायची गरज नव्हती. मशीनला तेल नेणारी नळी बुजली की पुढचं सगळं कसं कोरडं जळतं, ते मी तीस वर्षं बघतोय.

"स्टेंट घालतेय. सही करा," ती म्हणाली.

मी केली. थोड्या वेळानं पडद्यावर ती काळी रेघ पुढं सरकली, टोकापर्यंत गेली, तिला बारीक बारीक फाटे फुटले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही असत्या, पण डॉक्टरीण हसत नव्हती. रक्त सुरू झालंय, पण वाट बराच वेळ बंद होती, पुढचा स्नायू फार दुखावलाय, पंप नीट ओढत नाही, असं तिनं कानडीत शांतपणे सांगितलं. आता चार दिवस बघू या.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत मला पाच मिनिटं सोडलं, तेव्हा ती डॉक्टरीण अक्काच्या खाटेशी उभी होती, कागद हातात.

"आधी काही त्रास होता का? जिना चढताना दम? जबडा दुखणं? पायांना सूज?"

मी तोंड उघडलं. पूल दिसला, कठडा दिसला, गालावरचा हात दिसला. बुटाचा कोरा तळ दिसला. सगळा माल माझ्या हाताखालून गेला होता आणि प्रत्येक नगावर मी शिक्का मारला होता. चांगला, चांगला, चांगला.

माझ्याकडून शब्द निघायच्या आत अक्का बोलली. नाकात नळी होती, आवाज बारीक.

"नाही हो डॉक्टर. एकदाच थांबत थांबत आले होते मी. ते याच्या चपला मोठ्या होत्या म्हणून."

आणि माझ्याकडं बघून तिनं मान हलवली. लहानपणी मी काचेची बरणी फोडल्यावर आईसमोर हलवायची तशी. गप्प बस, मी सांगितलंय.

डॉक्टरीण गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, तुला कळत होतं?"

"काय कळायचंय? दमायला व्हायचं. वयच झालंय."

"मला सांगायचंस."

"तुझंच टेन्शन होतं रे घरात," ती म्हणाली. "तुझं एकदा निघू दे म्हटलं. मग बघू." डोळे मिटले आणि म्हणाली, "नऊ मिनिटं पळालास. बाबा असते तर..." आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला, मी तिच्यासाठी घरून बिनमिठाची पेज घेऊन लिफ्टमध्ये असताना, तिच्या हृदयाची लय बिघडली. वीस मिनिटं प्रयत्न केले त्यांनी. माझ्या हातातला डबा गरम होता. तो कुठं ठेवायचा ते मला कळेना, म्हणून ते सांगत होते तेव्हा मी तो दोन्ही हातांत धरूनच उभा राहिलो.

तेरावं झालं. नातेवाईक पांगले. जाताना प्रत्येकानं मला जपायला सांगितलं. "तुझ्या छातीला सांभाळ," म्हणाले. अजूनही मलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाराजवळच्या कपाटातून बूट बाहेर काढले. नाड्या मी बांधल्या होत्या तशाच होत्या. त्या दिवसानंतर तिनं ते घातलेच नव्हते. आत खोलीत बायको अक्काच्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी बूट घेऊन उंबऱ्यात बसलो आणि कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. पुलाच्या पायऱ्या, कठडा, एळनीरवाला. तीन वेळा थांबली ती. तीन वेळा, आणि मी चपलांवर, दाढेवर ढकललं. मला वाटलं, ती म्हणेल, तुम्ही काय डॉक्टर आहात? किंवा म्हणेल, मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीत. दोन्हीसाठी मी तयार होतो.

तिनं हातातली साडी मांडीवर ठेवली. तिच्या काठावरून बोट फिरवलं.

"चार वेळा," ती म्हणाली. "तुम्ही उड्या मारत वर आलात ना, तेव्हा मी दारातच होते. अक्का जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या, कठडा धरून. दिसत होत्या मला. मी वरून हाक मारली, अक्का, शिरा गार होतोय, लवकर या." तिनं साडी पुन्हा हातात घेतली. "आणि त्या लवकर आल्या हो."