मिरचीच्या पथारीवर दीर्घश्वसन

माणसाला सुधारायला निघालेली पुस्तकं मला बघवत नाहीत. सोसलीयत मी ती.

आमचे हे नंदुरबारला शाळामास्तर. वाचनालयातून स्वतःसाठी आणायचे ती सगळी पुस्तकं वेळेचा सदुपयोग, मनोनिग्रह, यशाची वाट असली. मी फारच भुणभुण केली तर माझ्यासाठी एखादं अद्भुत कथांचं आणत. देताना म्हणत, "घ्या, थापा वाचा."

पुस्तकात बघून त्यांनी दिवसाचं वेळापत्रक केलं आणि खळ लावून भिंतीवर चिकटवलं. पहाटे ऊन पाणी, मग व्यायाम, मग मनन. ते पाणी तापवायचं कोणी, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्या बाबाच्या घरी चूल आपोआप पेटत असावी! माझ्या अहिराणी बोलीवरही सुधारणा सुरू झाली. मी तोंडातून 'शे' काढला की हे 'आहे' म्हणून टोकायचे. जेवतानासुद्धा.

तेवढंच असतं तर हसून घेतलं असतं. पण ह्यांना दमा होता. आणि एका पुस्तकात दम्यावर दीर्घश्वसन सांगितलेलं. पहाटे गावाबाहेर मोकळ्या जागी पूर्वेकडे तोंड करून छातीभर हवा घ्यायची आणि कोंडून धरायची. धूर, धूळ, गटार वर्ज्य. म्हणून इंजिनांचा धूर नको म्हणत हे स्टेशनाकडे फिरकले नाहीत. उरली मिरचीची पथारी. हिवाळ्यात तिथं नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पसरलेली असायची. वाऱ्यावर तिचा नाकात झोंबणारा खाट घरापर्यंत यायचा, शिंकून शिंकून जीव जायचा. पण पुस्तकात मिरची वर्ज्य म्हटलेली नव्हती! लिहिणाऱ्यानं जन्मात पथारी पाहिली असेल तर शपथ.

"तठे मिरची शे, मिरची! तुम्ले दमा शे!" मी ओरडायची.

"आहे म्हणावं," हे म्हणत आणि मफलर गुंडाळून निघत.

खोकत परत यायचे, डोळे लाल, ओठ काळेनिळे. आणि खूश! कारण पुस्तकात म्हटलेलं, आरंभी खोकला वाढतो, ती आतली घाण निघत असते. जितका जास्त खोकला तितकी प्रगती. आता अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं? डॉक्टरांनी सांगितलं, मास्तर, हे बंद करा. हे म्हणाले, डॉक्टरांचा मनोनिग्रहाचा अभ्यास नाही. मी देव पाण्यात ठेवले. एकदा पुस्तक चुलीत घालायला घेतलं, पण वाचनालयाचं म्हणून हात मागं आला. घालायला हवं होतं मेलं!

त्याच दिवसांत माझ्याकडं चंद्रावर गेलेल्या माणसांचं पुस्तक होतं. तिथं हवाच नाही, म्हणून ती काचेच्या घरात राहतात आणि लोखंडी टाक्यांतून नेलेली हवा जपून पुरवतात. त्यांच्यातही स्वयंपाक कोणी करत नाही, ते सोडा. पण ते लिहिणाऱ्या थापाड्याला एवढं कळत होतं की हवा नसली तर माणूस मरतो, मग त्याचा निग्रह कितीही दांडगा असो. मी ते मोठ्यानं वाचायची, ह्यांच्या कानावर पडावं म्हणून. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले असत.

माघात हे अंथरुणाला खिळले. एका सकाळी उशीला टेकून बसले होते. एकेक शब्द ओढत म्हणाले, "त्या चंद्रावरच्यांना... पुरली का गं हवा?"

म्हणजे ऐकत होते! शेवट मी वाचलेला नव्हता. "पुरली," म्हटलं. "सगळे सुखरूप घरी आले."

ते जरा हसले. मग म्हणाले, "मोज." श्वास कोंडला की आकडे दुसऱ्यानं मोजायचे, असा पुस्तकाचा नियम. संध्याकाळी घरी करायचे तेव्हा ते काम माझंच असायचं. नको म्हणवलं नाही. त्यांनी तोंड उघडून छातीत मावेल तेवढी हवा ओढली आणि मी मोजायला लागले.

नेहमी थांबायचे तो आकडा मागं गेला. मी मोजतच राहिले. मग त्यांचे खांदे धरून हलवले.

"सोडा ना," मी म्हटलं. "दम सोडा ना. बस झायं."

त्यांनी मला टोकलं नाही.