लिफ्टवाल्याची चौथी सुट्टी

लिफ्टमध्ये माणूस अडकला की पहिली पाच मिनिटं तो सगळी बटणं दाबून बघतो, पुढची पाच मिनिटं इमारत बांधणाऱ्याचा उद्धार करतो, आणि मग त्याला एकदम घरची आठवण यायला लागते. अशा माणसांना बाहेर काढायचं काम आपल्या या लिफ्टवाल्याने अठ्ठावीस वर्षं केलं. फोन वाजला रे वाजला, की पलीकडच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा म्हणणार, "निघालोच!" त्यामुळे कंपनीत त्याचं नावच 'निघालोच' पडलं. साहेब विचारायचे, "निघालोच कुठे आहे?" आणि तो नेहमी नुकताच गेलेला असायचा.

त्याच्या घाईला नावं ठेवायची सोय नव्हती, हीच खरी पंचाईत होती. दुसरा कुणी नवरा भरल्या ताटावरून उठून गेला, तर बायको चार शब्द सुनावू शकते. इथे कुठल्या तरी इमारतीत, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, अंधारात कुणाची तरी आई बसलेली असायची. तिच्या विरुद्ध कोण काय बोलणार? लिफ्टवाल्याची बायको बालवाडीत शिकवायची. हट्टी पोरांना तिने सरळ केलं होतं, पण तिच्या नवऱ्याचा हा हट्टच नव्हता. तो चांगुलपणा होता, आणि चांगुलपणाशी भांडता येत नाही.

आजवर तीन वेळा दोघं सुट्टीवर गेली आणि तीनही वेळा अर्ध्यातून परत आली. पहिल्यांदा लग्नानंतर, तिसऱ्याच दिवशी. दुसऱ्यांदा मुलगी चार वर्षांची असताना, वाळूत बांधलेल्या तिच्या किल्ल्याला दार करायचं राहिलं होतं तेव्हा. तिसऱ्यांदा तर बसस्टँडवरूनच. आता मुलगी लग्न होऊन गेली, लिफ्टवाल्याच्या कानावरचे केस पांढरे झाले, आणि एका रविवारी चहा पिताना बायको म्हणाली,

"तळ्याकाठचं एक गेस्ट हाउस बघून ठेवलंय. सात दिवस. कंपनीचा फोन इथे कपाटात राहील."

"बरं," तो म्हणाला.

"आणि हेही अर्धवट झालं, तर मी पुन्हा विचारणार नाही."

ती रागावून बोलली असती, तर त्याने समजूत काढली असती. ती वर्गात बोलावं तशी शांतपणे बोलली आणि बशी विसळायला उठली. ही बाई विचारायचं सोडते म्हणजे खरंच सोडते, हे त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी फिरायला येता का, असं ती वर्षानुवर्षं विचारायची. दोन वर्षांपूर्वी तिने ते विचारणं बंद केलं. आता ती शेजारणीबरोबर जाते, खुशीत जाते, आणि हा खिडकीतून दोघींच्या पाठी बघतो.

तेव्हा या वेळी सात दिवस म्हणजे सात दिवस, असं ठरवूनच स्वारी निघाली.

पण आराम करायचा तर तो यायला हवा ना! खोलीत पाऊल टाकल्यापासून अकराव्या मिनिटाला सामान लागलेलं होतं, आणि नेलकटरच्या टोकाने कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू आवळून झाला होता. मग दोघं तळ्यावर गेली. तो चाळीस पावलं पुढे, ती मागे. काठावर पोचून त्याने तळं डावीकडून उजवीकडे एकदा नीट बघितलं आणि वळून म्हणाला, "झालं बघून. आता?"

"आता बसायचं," बायको म्हणाली.

तो बसला. म्हणजे त्याची बैठक बाकावर टेकली. पाय हलत होते, बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, आणि दर दोन मिनिटांनी हात आपोआप कमरेकडे जात होता, जिथे फोनची पिशवी असायची. शेजारच्या बाकावर एक म्हातारा टोपी तोंडावर ओढून झोपला होता. लिफ्टवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू तो काहीतरी अवघड कसब करून दाखवतोय.

तरीही कदाचित त्याला जमलं असतं, पण गेस्ट हाउसला लिफ्ट होती.

जुन्या पद्धतीची, जिन्याच्या मधोमध, चारी बाजूंनी जाळी, आत बसायला एक लाकडी फळी. तिन्ही मजले चढायची, पण दुसऱ्या मजल्याच्या थोडं अलीकडे 'कर्र' असा आवाज करून 'टक्' असा एक ठोका द्यायची. तुम्हा-आम्हाला तो ऐकूही आला नसता. लिफ्टवाल्याला तो उशीतून ऐकू यायला लागला. धोका काही नव्हता, हे त्याला दोन फेऱ्यांतच कळलं. ज्या लोखंडी पट्ट्यांना धरून लिफ्ट वर-खाली होते, त्यांना ग्रीस लावलेलं नव्हतं, एवढंच. अर्ध्या तासाचं काम. पण त्याचे हात शिवशिवायला लागले.

"त्या लिफ्टला..." दुसऱ्या दिवशी त्याने जेवताना सुरुवात केली.

"हात लावायचा नाही," बायको म्हणाली. त्याने मान हलवली आणि सूप प्यायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको पुस्तक घेऊन खाली तळ्याकाठी गेली. "तुम्ही पडा जरा," असं सांगून गेली. हा तिची पावलं जिन्यावरून विरेपर्यंत पडला. मग उठून थेट मालकीणबाईंकडे. गेस्ट हाउसच्या मालकीणबाई साठीच्या, सतत किल्ल्या शोधणाऱ्या, भल्या बाई होत्या. फुकटात लिफ्ट दुरुस्त होतेय म्हटल्यावर त्यांनी दोन तास शोधून मीटरच्या खोलीची किल्ली आणि ग्रीसचा डबा दोन्ही हातात ठेवलं.

आता इथे या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. लिफ्टचा मेन स्विच पाडण्याआधी प्रत्येक मजल्यावर 'बंद आहे' अशी पाटी लावायची, जिन्यात उभं राहून मोठ्याने ओरडायचं, लिफ्ट रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं, आणि मगच स्विचला हात लावायचा. लिफ्टवाल्याने हा नियम अठ्ठावीस वर्षं पाळला होता. नव्याने लागलेल्यांना तो हा नियम तीन-तीनदा म्हणायला लावायचा. पण आज पाटी लावावी, तर बायकोला दिसणार. ओरडावं, तर तळ्यापर्यंत ऐकू जाणार. लिफ्ट तळमजल्यावर रिकामी उभी आहे एवढं त्याने बघितलं, मागच्या बोळातून मीटरच्या खोलीत गेला, अंधारात दोनदा किल्ली चुकवली, आणि स्विच पाडला.

बाहेर आला, तर लिफ्ट जागेवर नव्हती.

"अहो, कुणी आहे का?" वरून आवाज आला. तीस पोरांना एका दमात गप्प करणारा आवाज होता तो.

लिफ्टवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर धावला आणि धावता धावता सवयीने त्याच्या तोंडून नेहमीची वाक्यं बाहेर पडायला लागली. "घाबरू नका, मी आलोय. दाराला हात लावू नका. तुम्ही पडणार नाही."

जाळीच्या आत पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्ही झोपला होतात ना?"

लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली होती. वळणावरच्या पायरीवरून ती जाळीतून नीट दिसत होती. फळीवर बसलेली, मांडीवर पुस्तक. त्याच्या हातात ग्रीसचा डबा. लपवायला जागा नव्हती आणि सांगायलाही काही उरलं नव्हतं.

"दोन मिनिटं," तो पुटपुटला. "स्विच टाकतो, लगेच खाली येशील."

"थांबा," ती म्हणाली. "बसा तिथे."

"अगं, पण..."

"मला भीती वाटत नाहीये. उजेड आहे, वारा आहे. बसा."

तो पायरीवर बसला. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. जाळीला बोटं अडकवून म्हणाली, "अडकलेल्या माणसांशी तुम्ही काय बोलता हो?"

"काही नाही. घरी कोण कोण असतं, आज काय केलं, असं विचारतो. म्हणजे त्यांचं घड्याळाकडे लक्ष जात नाही."

"आणि ती सांगतात?"

"सांगतात. एका आजींनी तर लग्नापासूनचं सगळं सांगितलं. दार उघडलं, तरी संपेना. तिथेच उभं राहून ऐकलं मी."

बायको म्हणाली, "मला ना, कधी कधी वाटायचं, एकदा आपणही कुठेतरी अडकावं. म्हणजे तुम्ही याल, आणि बसून विचाराल."

लिफ्टवाल्याने डबा पायरीवर ठेवला. बोलायला बरंच होतं, पण त्याला एकच गोष्ट नीट येत होती. तीच त्याने केली.

"आज काय केलंत?" त्याने विचारलं. परक्या माणसाला विचारतो तसं 'अहो-जाहो' झालं, आणि तिला हसू फुटलं.

मग तिने सांगितलं. दुपारपासून ती पुस्तकाची चारच पानं वाचू शकली होती, कारण तळ्यात एक बदक आपली सात पिल्लं घेऊन उतरलं होतं. सहा आईच्या मागे सरळ रेषेत जातात आणि सातवं प्रत्येक तरंगत्या पानापाशी थांबतं. आई पुढे गेली की ते घाबरून पाणी उडवत धावतं, आणि पोचलं की पुन्हा थांबायला मोकळं. तेच दाखवायला, याला उठवायला ती वर येत होती.

"एवढा वेळ तेच बघत होतीस?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"दोन तास."

"कंटाळा नाही आला?"

"ते सातवं आपल्या मुलीसारखं आहे," ती म्हणाली, आणि मग मुलगी शाळेत जाताना वाटेत काय काय वेचायची ते निघालं. त्याला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. चिंध्या, काड्या, एकदा तर जिवंत गोगलगाय दप्तरातून घरी आली होती. तो विचारत गेला, ती सांगत गेली. मालकीणबाई दोनदा येऊन बघून गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी न बोलता पायरीवर चहाचे दोन पेले ठेवले. एक पेला जाळीतून आत जाईना, म्हणून तिच्या वाटचाही त्यालाच प्यावा लागला, आणि त्यावरूनही ती हसली.

त्या दिवशी लिफ्टला ग्रीस लागलं. बायकोनेच डबा धरला. दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर काठावर गेला आणि पिल्लं बघत बसला. अर्ध्या तासाने त्याचे पाय हलायचे थांबले. तासाभराने मान एका बाजूला कलली आणि तोंड उघडं पडलं. बायकोने त्याला हलवलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मालकीणबाई हिरवळीवर आल्या. "तुमच्या कंपनीतून फोन आहे. अर्जंट म्हणतायत."

गेस्ट हाउसचा नंबर कंपनीला कुणी दिला, हे विचारायची गरज नव्हती. लिफ्टवाला खाली मान घालून उठला. "जा, बघा काय ते," बायको म्हणाली आणि पुस्तकात बघू लागली.

फोनवर कंपनीतला जोडीदार होता. एका रुग्णालयाची जुनी लिफ्ट बंद पडली होती.

"आत कुणी आहे का?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"नाही. शेजारची चालू आहे. पण ही तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही हो. साहेब म्हणाले, विचारून बघ."

खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. पाय वहाणांत सरसावलेसुद्धा. मग त्याने दीर्घ श्वास घेतला, ब्रेक कसा बघायचा ते जोडीदाराला सावकाश दोनदा समजावून सांगितलं, आणि म्हणाला, "नाही जमलं, तर उद्या परत बघ. मी सोमवारी येतो."

हिरवळीवर खुर्ची रिकामी होती. तो जिना चढून वर गेला. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि पलंगावर बॅग उघडून ठेवलेली होती. त्याचे शर्ट घड्या घालून आत गेले होते, त्यांवर तिचे कपडे, कडेला पुस्तक. बायको दोरीवरून काढलेला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत कोंबत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"ओला आहे, पण पिशवीत राहील," ती म्हणाली. "साडेतीनची बस मिळेल ना?"

लिफ्टवाला दारातच थिजला. इतक्या वर्षांत त्याने हे कधी बघितलंच नव्हतं. फोन ठेवून तो वळायचा, तेव्हा बॅग नेहमी तयार असायची. आमच्या हिच्या हाताला काय उरक आहे म्हणून तो चारचौघांत कौतुकाने सांगायचासुद्धा.

त्याने तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला, सज्जात जाऊन दोरीवर पसरला आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले.

"मी नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

"आणि आत कुणी..."

"कुणी नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसली. तो बॅगेतून एकेक शर्ट बाहेर काढून कपाटात ठेवायला लागला. घड्या मोडत होत्या, बाह्या लोंबत होत्या. मग ती डोळे पुसून म्हणाली, "तो निळा वर ठेवा. उद्या लागेल."