आबांना फळीवरची चाल शिकवली तेव्हा

माझ्या वडिलांचं, आबांचं, सगळं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं. आखाडा बाळापूरच्या आसपासच्या शिवारात दिवसभर पायी हिंडायचे आणि घरी आले तरी अंगणात उभेच असायचे. पाठीला रिकामा डबा बांधून त्यांनीच मला विहिरीत पोहायला शिकवलं. पुढे मी शिकायला नांदेडला मावशीकडे राहिले आणि तिथल्या पोहण्याच्या तलावावर फळीवरून पाण्यात उड्या मारण्याच्या खेळात रमले. राज्याच्या स्पर्धांपर्यंत पोचले. आबा बघायला एकदाच आले. परतताना बसस्टँडवर त्यांनी विचारलं, उडी मारायच्या आधी इतका वेळ उभी काहून राहतेस?

मी सांगितलं, उडी चांगली होणार की वाईट, ते चालण्यातच ठरतं. मागच्या टोकाला स्थिर उभं राहायचं, खांदे सैल सोडायचे, नजर फळीच्या पुढच्या टोकावर ठेवायची आणि मग घाई न करता एकसारखी पावलं टाकायची. शेवटी एक गुडघा वर घेऊन लहानशी झेप घ्यायची आणि दोन्ही पाय टोकावर आणायचे. फळी खाली दबते. ती पुन्हा वर येईपर्यंत धीर धरला तरच ती माणसाला उचलते. आबा म्हणाले, चालण्याचं एवढं शिकावं लागतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मी वसमतला शाळेत खेळाची शिक्षिका झाले. तोवर आबांच्या हाताला कंप सुटला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. कंपाचं आबांना फारसं काही वाटलं नाही. पण मग पाय अडायला लागले. उंबरठ्याशी आले की जागीच खिळायचे. वरचं अंग पुढे झुकायचं आणि पाय मागे राहायचे. दोनदा तोंडावर पडले. आई मागून आधार द्यायची, चला म्हणायची, आणि तिने चला म्हटलं की पाय आणखीच घट्ट व्हायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. आबा दारात अडकले होते. आई रडकुंडीला आली होती.

"पाय निघून न्हाई राहिला, माय," आबा मला म्हणाले. आवाजात लाज होती. ती मी आधी कधी ऐकली नव्हती.

मला काय सुचलं कोण जाणे. मी आईला बाजूला व्हायला सांगितलं. आबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आबा, चालू नका. आधी नुसते उभे ऱ्हा. खांदे सोडा. खाली पायाकडं बघू नका, त्या तुळशीकडं बघा." मग एक श्वास घ्यायला लावला आणि गुडघा वर उचला म्हटलं, झेपेच्या वेळी उचलतात तसा. गुडघा वर आला. पाऊल उंबरठ्यापलीकडे पडलं आणि त्यामागे दुसरं.

ते तुळशीपर्यंत गेले. आई तोंडाला पदर लावून उभी होती.

मग तेच रोज चाललं. मी अंगणात चुन्याच्या आडव्या रेघा ओढल्या, त्या ओलांडत ते चालायचे. मी वसमतला परतल्यावर आई त्यांच्या कानाला फोन लावायची आणि मी इकडून सांगायचे. शेजारच्या बायका हसायच्या. आबा मात्र मनापासून करायचे. मेंढवाड्यापर्यंत जाऊन आले त्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला फोन लावला.

असं वर्षभर निभावलं. पुढे गोळ्यांचा गुण कमी होत गेला. नजर तुळशीवर असायची, खांदे सैल असायचे, पण गुडघा वर येत नसे. मी उन्हाळ्यात गेले तेव्हा हाताला धरून त्यांना दारात उभं केलं. बराच वेळ आम्ही तसेच थांबलो. त्यांच्या मानेवर घाम आला होता.

"तुह्या फळीवरून माघारी येता येतं का?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर स्पर्धेत अर्ध्यातून थांबलं की गुण कापतात, आणि पुन्हा थांबलं तर उडीच बाद होते. पण सरावात कितीदाही माघारी येता येतं. मी तेवढंच सांगितलं.

"मंग मला माघारी ने, बाई."

मी त्यांना हळूहळू वळवलं. वळायलाही वेळ लागला. खाटेवर टेकवलं, पाय उचलून वर ठेवले. पायांच्या टाचा फुटलेल्या होत्या, तळवे दगडासारखे कडक. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायांना नमस्कारापुरताच हात लावला होता. आबांनी डोळे मिटले. मी त्यांना परत कधी उठा म्हटलं नाही, आणि त्यांनीही उठायचं नाव काढलं नाही.

थंडी पडली तेव्हा ते गेले. आईने मेंढरं चुलत्यांच्या ताब्यात दिली. आता शनिवारी मी घरी गेले की आम्ही मायलेकी ओढ्यापर्यंत जातो. आई फार सावकाश चालते. मी तिच्या मागे राहते, चल म्हणत नाही.